कराड उगवायची वेळ

केतकीनं चंद्रावरून केलेली पहिली तक्रार माझ्याबद्दल नव्हती, माझ्या कॅलेंडरबद्दल होती. आमच्या कंपनीच्या तक्रारींच्या यादीत ती रीतसर नोंदली गेली. 'ठिकाण म्हणून चंद्र निवडला की चंद्रोदयाचा रकाना रिकामा येतो.' त्याखाली अधिक तपशील लिहायला जागा असते. तिथे तिनं लिहिलं होतं, 'आज संकष्टी आहे. मी जेवू की नको?'

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. संगणकावर फॉर्म भरताना तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की महिन्याचं छोटं कॅलेंडर उघडतं. आमच्या धंद्यात त्याला डेट पिकर म्हणतात. तो बनवणारे लोक दूरदेशी असतात आणि जगातल्या सगळ्या महिन्यांची नावं तीन अक्षरांत मावतात अशी त्यांची ठाम समजूत असते. मग 'मार्गशीर्ष' मधेच कापला जातो, 'ज्येष्ठ'चं पोट चौकटीखाली गडप होतं, आणि वारांचं फक्त पहिलं अक्षर दाखवा म्हटलं की शुक्रवार, शनिवार दोघंही 'श' होऊन बसतात. हे निस्तरायचं, आकडे देवनागरी करायचे, आठवडा रविवारी सुरू करायचा की सोमवारी यावर चार-चार मीटिंगा करायच्या. मी सुधन्वा. कराडमध्ये घरी बसून गेली अठरा वर्षं हेच करतो. माझे सासरे अजूनही विचारतात, "जावईबापू, कॅलेंडर तर भिंतीवरबी असतंय. मग तुम्ही नक्की करता काय?"

चंद्रोदयाचा रकाना मात्र माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. तो मी केतकीसाठी घातला होता.

केतकी भूगर्भशास्त्रज्ञ. देवभोळी अजिबात नाही. दगड सोडून ती कशापुढे वाकलेली मी पाहिलेली नाही. पण संकष्टी धरायची. तिची आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. अण्णा, म्हणजे तिचे वडील, संकष्टीला एकटेच उपाशी राहून एकटेच चंद्राची वाट बघत बसायचे, ते तिला बघवेना. मग तिनंही धरली, ती धरलीच. आमचं लग्न झाल्यावर अण्णा दोन गल्ल्या सोडून राहत होते, त्यामुळे दर संकष्टीला संध्याकाळी आमच्या गच्चीवर हजर. मी उपास करत नाही. पण उपाशी बायकोसमोर ताट वाढून घेणं बरं दिसत नाही, म्हणून मीही थांबायचो. हा उपास नव्हे, नुसती उपासमार, असं केतकी म्हणायची.

भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा दहा-बारा मोठ्या गावांच्या असायच्या. कराड त्यात नाही. मग दर महिन्याला तोच वाद. अण्णा म्हणणार, पुण्याची वेळ धरा. केतकी म्हणणार, पुण्याची कशी धरायची, आणि वर सदाशिवगडाच्या मागून चंद्र दिसायला दहा मिनिटं जास्त लागतात ती कोण मोजणार? मोदकांवरचं तूप थिजत असायचं आणि माझं पोट ओरडत असायचं. एका संकष्टीनंतर मी वैतागून आमच्या डेट पिकरच्या पंचांगात कराड घातलं, अक्षांश-रेखांशांसकट. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातले सगळे तालुके आले. लोकांना ते फार आवडलं आणि कंपनीनं मला एक लाकडी ढाल दिली. ती ढाल आता स्वयंपाकघरात दारामागे दाराला टेकण म्हणून आहे.

गेल्या कार्तिकात केतकी चंद्रावर गेली. मुदत एक वर्ष. तिथे माणसं राहायला लागून नऊ वर्षं झाली होती आणि आता जमिनीत खोल भोक पाडून आतली उष्णता मोजायची होती. त्या भोकाची ती मुख्य. तळाचं सरकारी नाव लांबलचक आहे. लांब, अरुंद आणि एका बाजूनं मातीत गाडलेलं ते ठिकाण बघून केतकीनं त्याला पहिल्या दिवशी 'पडवी' म्हटलं आणि तिथल्या पाचही मराठी माणसांनी ते उचललं. पडवीत हातातले फोन फार टिकत नाहीत. टेबलाला बोल्ट मारून बसवलेले जाड, बुटके संगणक असतात. त्यांच्यावर आमचं मराठी होतं, म्हणून आमचा डेट पिकर होता.

तक्रार आली तेव्हा अण्णा माझ्याकडेच बसले होते. साबुदाण्याची खिचडी खात होते.

"ती चंद्रावरच बसलीया की," ते म्हणाले. "सकाळी उठल्यापासनं चंद्र पायाखाली. तिला कशाला चंद्रोदय? खा म्हणावं."

"अण्णा, तुम्ही खाल का असं?"

अण्णांनी खिचडीतला एक शेंगदाणा बाजूला काढला. "मी न्हाई खाणार," ते म्हणाले. "पर ती लेकरू हाय."

लेकरू बेचाळीस वर्षांचं होतं. आमच्या प्रमुख उर्मिलाताई फोनवर म्हणाल्या, "सुधन्वा, चंद्रावर चंद्रोदय नसतो, यात चूक काहीच नाही. रकाना लपवा आणि तक्रार बंद करा." त्यांचं बरोबरच होतं. पण तिकडे माझी बायको उपाशी होती आणि मी तिला रकाना लपवला असं सांगणार होतो का? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

चंद्रोदय म्हणतो आपण, पण त्या घडीला चंद्र काही उडी मारून वर येत नाही. पृथ्वी फिरते, तिच्यावर बसलेलं आपलं गाव फिरत फिरत चंद्राच्या समोर येतं, आणि आपल्याला तो डोंगरामागून निघाल्यासारखा वाटतो. आता तेच चंद्रावरून बघा. तिथून पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. पडवीच्या खिडकीतून ती आकाशात एकाच जागी वर्षभर टांगलेली दिसते आणि जागच्या जागी फिरते. ज्या मिनिटाला कराडला चंद्र उगवतो, बरोबर त्याच मिनिटाला चंद्रावरून बघणाऱ्याला पृथ्वीच्या कडेवर कराड येतं. गणित तेच, वेळ तीच, फक्त बघणारं माणूस दुसऱ्या टोकाला. मी एवढंच केलं, की ठिकाण चंद्र असेल तर पंचांगानं एक गाव विचारावं, आणि चंद्रोदयाच्या जागी त्या गावाची वेळ द्यावी.

संध्याकाळी सातला ते तिच्या संगणकावर पोचलं. 'कराड उगवायची वेळ : ९ वाजून २२ मिनिटे.'

नऊ बावीसला मी आणि अण्णा गच्चीवर उभे होतो. अण्णांनी गच्चीवरचा दिवा लावला. मी त्यांना सांगितलं, की कराड या वेळी पृथ्वीच्या अंधाऱ्या भागात असतं, कडेवर असतं, आपला दिवा कुठल्याच दुर्बिणीतून दिसणार नाही. "राहूंदे लागलेला," अण्णा म्हणाले. सदाशिवगडामागून चंद्र वर आला. चतुर्थीचा चंद्र उगवतो तेव्हा त्याची वरची कड जरा झिजलेली असते. त्या झिजलेल्या कडेच्या थोडं आत, उजेडातच, पडवी आहे. दुसऱ्या दिवशी तिथे सूर्य मावळतो, तो चौदा दिवसांनी उगवतो. म्हणजे आमची संकष्टी ही तिची संध्याकाळ होती. माझा फोन वाजला.

'आलात कडेवर. दिसलं काहीच नाही, पण आलात. जेवते.'

असा आमचा हिवाळा गेला. रोज रात्री नऊला दहा मिनिटं बोलणं, आणि महिन्यातून एकदा हे. तुझी आठवण येते असं आम्ही एकमेकांना म्हणायचो, कारण यायचीच. पलंगाच्या तिच्या बाजूला मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायला लागलो होतो, रिकामी बाजू बघवत नव्हती म्हणून.

मग चैत्रात पडवीत नवीन कॅलेंडर आलं.

त्याचं कारण वैद्यकीय होतं. चंद्रावर चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस काळोख. माणसं पृथ्वीच्या घड्याळावर झोपत-उठत होती, त्यांची कामं उन्हाच्या घड्याळावर चालत होती, आणि दोन्हींच्या ओढाताणीत माणसांची झोप उडाली होती. डॉक्टरांनी ठरवलं, की चंद्राच्या एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ, म्हणजे आपले साडेएकोणतीस दिवस, हा एक मोठा दिवस धरायचा. त्याचे सारखे तीस भाग करायचे. एक भाग म्हणजे एक पाळी. एका पाळीत एक झोप, तीन जेवणं, एक काम. पहिल्या पंधरा पाळ्या उजेडाच्या, पुढच्या पंधरा काळोखाच्या. दिव्यांचा प्रकाश, जेवण, व्यायाम, सगळं त्यावर. वार नाहीत, आठवडे नाहीत.

केतकीचा त्या दिवशीचा आवाज मला आठवतो. "अरे, चांद्रमासाचे तीस भाग! यांनी तिथी शोधून काढली रे! अण्णांना सांग, शास्त्रज्ञांना दहा वर्षं लागली."

मीही हसलो. त्या कॅलेंडरचं मराठी करायचं काम माझ्याकडेच आलं आणि मी ते उत्साहानं केलं. चौकटी तीस, ओळी सहा, एका ओळीत पाच. कुठलंही नाव कापलं गेलं नाही. अठरा वर्षांतलं माझं ते सगळ्यात देखणं काम.

पाळी तेवीस तास सदतीस मिनिटांची असते. आपल्या दिवसाहून साधारण तेवीस मिनिटं कमी. तेवीस मिनिटं म्हणजे काय, असं वाटतं. पहिल्या दिवशी माझे नऊ वाजले तेव्हा तिचं जेवण तेवीस मिनिटांपूर्वी झालेलं होतं. आठवड्यानं ती झोपायच्या तयारीत होती. दोन आठवड्यांनी गाढ झोपेत होती. महिन्यानं माझ्या रात्री ती नाश्ता करत होती. चौसष्ट दिवस गेले की तिचा दिवस आणि माझा दिवस पुन्हा एकमेकांवर बसायचे, तीन-चार दिवस नीट बोलणं व्हायचं, आणि परत ती तेवीस-तेवीस मिनिटांनी हातातून निसटायला लागायची.

"उद्या बोलू," असं ती म्हणायची, आणि तिचा उद्या माझ्या उद्याच्या आधी येऊन जायचा. मी फोन करायचो तेव्हा ती म्हणायची, "काल वाट बघितली तुझी." माझ्या वाढदिवसाला ती झोपेत होती. उठल्यावर तिनं फार मनापासून शुभेच्छा दिल्या, तोवर इथे दुसरा दिवस उजाडला होता. हे सगळं मी समजून घेत होतो. मला समजून न घेता येण्यासारखी गोष्ट वेगळीच होती.

"सुधन, खरं सांगू?" ती एकदा म्हणाली. "मला इतकी छान झोप शेवटची कधी लागली होती आठवत नाही. इथलं शरीर इथल्या उजेडाचं ऐकतं. रविवार कधी येतो कळतसुद्धा नाही."

"आणि त्याचं वाईट वाटत नाही?"

आवाज तिकडे जायला सव्वा सेकंद लागतो आणि यायला सव्वा. नऊ महिन्यांत त्या अडीच सेकंदांची सवय झाली होती. त्या दिवशी ते चार-पाच झाले.

"वाटायला हवं ना?" ती म्हणाली.

मी कॅलेंडरवर जळायला लागलो. मीच रंगवलेल्या, मीच नावं बसवलेल्या कॅलेंडरवर. फक्त संकष्टी तेवढी आमच्या दोघांची राहिली होती. ती मात्र हलत नव्हती. माझ्याकडे वद्य चतुर्थी, तिच्याकडे उजेडाच्या शेवटच्या पाळ्यांपैकी एक, दर वेळी तीच चौकट. कराड उगवायची वेळ आली की ती झोपेत असली तरी गजर लावून उठायची, चार घास खायची आणि परत झोपायची.

भाद्रपद संपता संपता फॉर्म आला.

पडवीतल्या प्रत्येकानं परतीची तारीख भरायची होती. पृथ्वीकडे येणारी यानं दोन. पहिलं उतरणार होतं मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीला, दुसरं ज्येष्ठ शुद्ध दशमीला. रकाना रिकामा सोडला तर आणखी एक वर्ष मुक्काम आपोआप वाढणार. फॉर्म पाठवायची शेवटची मुदत आश्विन वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. अर्थात फॉर्मवर दोन्ही तारखा इंग्रजी महिन्यांत होत्या आणि मराठी करायला तो माझ्याकडे आला होता.

केतकीला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "भोक अजून शंभर मीटर राहिलंय. मार्गशीर्षात निघाले तर अर्धवट टाकून येईन. नाही निघाले तर अण्णा आणखी सहा महिने म्हातारे होतील. आणि तू. मला ठरवू दे थोडं."

"ठरव," मी म्हणालो.

आणि मग मी जे केलं ते सांगतो.

डेट पिकर उघडतो तेव्हा त्यात एखादी तारीख आधीच निवडलेली ठेवता येते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, की दहातली आठ माणसं आधीच भरलेली तारीख बदलत नाहीत. बघतात, बरी वाटते, पुढे जातात. बाकी सगळ्या भाषांच्या फॉर्ममध्ये परतीचा रकाना रिकामा होता. मराठी फॉर्ममध्ये मी तो मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीवर ठेवला. एक ओळ होती, बदलायला मिनिटही लागलं नाही. मी स्वतःला सांगितलं, की ही फक्त आठवण आहे, तिला बदलायची तर ती बदलेल. खोटं होतं ते. ती दमलेली असावी, घाईत असावी आणि तिनं बघू नये, अशी माझी इच्छा होती. मला माझी बायको घरी हवी होती.

आठ दिवसांनी तिनं फोन केला. तिचा आवाज एकदम सपाट होता.

"इथे मोटे आहेत, गडहिंग्लजचे. वेल्डिंग बघतात. त्यांना राहायचं होतं, त्यांच्याइतकं कुणालाच राहायचं नव्हतं. त्यांनी फॉर्म पाठवला आणि आज त्यांचं नाव मार्गशीर्षाच्या यानाच्या यादीत लागलं. ते म्हणतात, मी तर तारीख भरलीच नाही." मग ती थांबली. "मी बाकीच्या भाषांतला फॉर्म उघडून बघितला. रकाना रिकामा आहे. सुधन, तारीख तू भरलीस ना?"



"हो."

"मोटेंचं झालं, सुधारून घेतलं त्यांनी. ते सोड." तिचा श्वास ऐकू येत होता. "मी बहुतेक तीच भरणार होते, माहितीय? परवा भोकाजवळ बसले होते, आणि एकाएकी असं वाटलं की पुरे झालं. घरी जावं. सदाशिवगड बघावा. मी फॉर्म उघडला तर ती तिथे आधीच बसलेली. आता मला कळेनासं झालंय, मला ती हवी होती म्हणून मी इतकी खूश झाले, की ती समोर होती म्हणून हवीशी वाटली."

"केतकी, मी..."

"मला घरी बोलवायचं होतं तर बोलवायचंस रे. ये म्हणायचंस. तू एवढ्या महिन्यांत एकदाही ये म्हणाला नाहीस."

ते खरं होतं. मी 'तुझं काम महत्त्वाचं' म्हणालो होतो, 'ठरव' म्हणालो होतो, 'आठवण येते' तर रोज म्हणालो होतो. ये म्हणायला मला लाज वाटत होती, आणि एका माणसाच्या आयुष्याची तारीख गुपचूप भरायला वाटली नव्हती.

"ये," मी म्हणालो.

अडीच सेकंद गेले. "तारीख काढ आधी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं तक्रारही नोंदवली होती. 'परतीचा रकाना आधीच भरलेला येतो. ही चूक आहे. तारीख ज्याची त्याला भरू द्यावी.' मी ती ओळ काढली. उर्मिलाताईंना फोन करून काय केलं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. यापुढे माझं काम दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही असं ठरलं. बरोबरच होतं.

नंतरचे दोन आठवडे केतकीशी बोलणं झालं ते हवापाण्याचं. चंद्रावर हवा आणि पाणी दोन्ही नाही, तरी झालं. तारखेबद्दल तिनं काढलं नाही, मी विचारलं नाही. मध्ये चौसष्टावा दिवस येऊन गेला. तिचं जेवण आणि माझं जेवण एका वेळी होतं, आणि आम्ही दोघंही ताटाकडे बघून जेवलो.

आश्विन वद्य चतुर्थीला सकाळी मी अण्णांकडे गेलो. ते साबुदाणा भिजवत होते.

"माझाही भिजवा," मी म्हणालो. "आज मी धरतोय."

अण्णांनी मान वर केली. "तुम्ही? कशापायी?"

त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, ते तेव्हा सांगितलं. तारीख, मोटे, सगळं. अण्णा साबुदाण्यावरचं पाणी काढत होते. ते सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "लगीन ठरलं तवा मी बी तिला इचारलं न्हवतं, की तुझ्या आईच्या मागं मला एकट्याला सोडून जातीस का. इचारलं असतं तर गेली नसती." त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. "म्हणून न्हाई इचारलं."

उपास मला झेपला नाही. चारला डोकं दुखायला लागलं, सहाला मी विनाकारण दोनदा फ्रीज उघडला. इतकी वर्षं मी नुसता जेवायचा थांबत होतो आणि तिच्याबरोबर उपाशी आहे असं समजत होतो. अण्णांनी आमच्या स्वयंपाकघरात मोदक केले. कळ्या पडल्या नाहीत, नुसते गोळे झाले. मी संगणकाकडे गेलो नाही. फॉर्मचं उत्तर आलं असतं तर तिथे दिसलं असतं, आणि त्या दिवशी तरी मला कुठल्याच रकान्यात डोकवायचं नव्हतं.

चंद्रोदय नऊ वाजून पाच मिनिटांनी होता. पाऊस संपून महिना झाला होता, आकाश धुतल्यासारखं होतं. अण्णांनी गच्चीवरचा दिवा लावला आणि या वेळी मी काही बोललो नाही. सदाशिवगडाची कड आधी उजळली, मग चंद्र आला, वरून थोडा झिजलेला. मी त्या झिजलेल्या कडेच्या आत बघत राहिलो. दिसणार काहीच नव्हतं. अण्णांनी पळीभर पाणी आणि फूल वाहिलं, हात जोडले. मीही जोडले. कुणाला ते नक्की माहीत नाही.

फोन वाजला. कंपनीच्या यादीतली सूचना होती, परतीच्या रकान्याबद्दलच्या तिच्या तक्रारीवरची.

'रकाना आता रिकामा येतो. तारीख भरली. ज्येष्ठ शुद्ध दशमी. ही माझी. तुम्ही दोघं कडेवर आलात. मी जेवते, तुम्हीही जेवा.'

मी मनातल्या मनात मोजलं. मार्गशीर्षात आली असती तर तिच्याविना एकच संकष्टी राहिली होती. आता सात. ते भोक पुरं करायला तिनं ज्येष्ठ घेतला, की मी मार्गशीर्ष आधीच हात लावून उष्टा करून ठेवला होता म्हणून, हे मला कळणार नाही. तिलाही कळणार नाही. ती खरंच मार्गशीर्ष भरणार होती, आणि मी नुसता गप्प बसलो असतो किंवा नुसता ये म्हणालो असतो, तर ती दोन महिन्यांत या गच्चीवर असती, असं मला वाटतं. असं वाटतच राहणार.

"काय म्हणतीया?" अण्णांनी विचारलं.

"ज्येष्ठात येते म्हणते."

"म्हंजे येतीया," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. मग खाली बसून त्यांनी माझं ताट वाढलं.

सूचनेखाली दोन बटणं होती. 'तक्रारीचं निवारण झालं का? हो. नाही.' हे तक्रार करणाऱ्यानं नाही, काम करणाऱ्यानं दाबायचं असतं. मी उत्तराच्या जागेत लिहिलं, 'मार्गशीर्ष भरणार होतीस का?' ते खोडलं. मग लिहिलं, 'लवकर ये.' पाठवून मग 'हो' दाबलं.

ज्येष्ठ शुद्ध दशमीला लवकर म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. पण सव्वा सेकंदानं तिकडे पोचलं असेल. आणखी सव्वा सेकंदानं फोन परत वाजला नाही. मी मोदक हातात घेतला आणि जेवायला सुरुवात केली, कारण तिकडे ती जेवत होती.